नव्या शॉकअपवरचा आकडा

तुम्ही तो रस्ता दुरुस्त केला नाहीत. पाटीभर डांबरसुद्धा ओतलं नाहीत. आमच्या गाडीला नवे शॉकअप बसले, त्यावर जो आकडा पडला तो तुम्ही उचललात, रस्ता सुधारला असं लिहिलंत आणि खाली सही ठोकलीत. आता तोच कागद पुढे करून माझ्या मेलेल्या भावाला बेदरकार ठरवायला निघालात.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर कळलंय. बाकी वाचणाऱ्यांना कळायला हवं म्हणून पहिल्यापासून सांगते. मी शाळेत गणितात दोनदा आपटलेली बाई आहे. लिहायला मला कुणी शिकवलं नाही. पण सात वर्षं मी तुमच्याच रस्ते खात्यासाठी आकडे लिहितेय आणि आकडा कसा पडतो ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मी आणि माझा नवरा घरगाडीत राहतो. विकणारे तिला मोटरहोम म्हणतात. चौदा वर्षं जुनी आहे. पुढे दोन सीट, मध्ये शेगडी आणि घडीचं टेबल, शेवटी आडवा पलंग. पाहुणा आला तर एकाने बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. रस्ते मोजायचं काम आमच्याकडे आहे. मागच्या एक्सलला एक तार बांधलेली आहे, ती गाडीच्या तळातून वर येते आणि टेबलाखालच्या पेटीत जाते. चाक खाचखळग्यातून गेलं की एक्सल वरखाली होतो, तार ओढली जाते, पेटी मोजते. नवरा ताशी बत्तीसने गाडी चालवतो. तेहेतीस नाही, एकतीस नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी पेटीपाशी स्टुलावर बसते आणि दर किलोमीटरला आकडा वहीत उतरवते. दोनशेच्या खाली आला तर रस्ता चांगला. दोनशे ते तीनशे म्हणजे चालेल, पुढे बघू. तीनशेच्या वर गेला तर यंदाच्या दुरुस्तीच्या यादीत.

गेल्या वर्षी किलोमीटर एकेचाळीस ते सत्तेचाळीस हा पट्टा यादीत सगळ्यात वर होता, काम मात्र झालं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला चारशे चोवीस पडले होते. माझा भाऊ रोज त्या रस्त्याने मोटरसायकलवरून काचेच्या कारखान्यात जायचा. त्याला आम्ही बारक्या म्हणायचो. सहा फूट उंच होता, घरगाडीत शिरताना दर वेळी कपाळ आपटायचा, तरी बारक्याच.

"ताई, यंदा आमचा रस्ता नक्की ना?" तो विचारायचा.

"पहिला नंबर आहे. मीच लिहिलाय."

"बघ हां. कारखान्यात सगळ्यांना सांगून बसलोय, माझी बहीण रस्ते पास-नापास करते म्हणून."

"करत नाही. लिहिते."

"तेच गं. शाळेत आपण नापास, इथे रस्ते नापास. कुणीतरी सूड घ्यायलाच हवा होता."

हे सगळं व्यवस्थित चाललं होतं आणि माझी पाठ गेली. सात वर्षं स्टुलावर बसून खड्डे खाल्ले की जाणारच. सकाळी पलंगावरून उठताना भिंतीला धरून उठायचे. मी रोज कुरकुर करायला लागले. नवऱ्याने तीन आठवडे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग एक दिवस गाडी थेट शॉकअपवाल्याच्या दारात नेऊन उभी केली.

त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणतात. साठीचा, बारीक, डोळ्यावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब दिला आणि सोडला. गाडी एकदा वर गेली, खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"तीन झोके," उस्ताद म्हणाला. "शॉकअप आहेत म्हणता? नळकांडी लटकतायत नुसती. तेल कधीच गळून गेलंय."

नवरा म्हणाला, "मऊ काहीतरी घाला. हिची पाठ जाते."

"मऊ मागणारे सगळे इथेच फसतात, दादा. मऊ घातलं की आणखी झोके. घरगाडी उंच असते, पोट भरलेली असते. तिला आवरणारा शॉकअप लागतो. आधी वजन करा. गाडी आता आहे तशी. पाण्याची टाकी भरा, सिलिंडर राहू द्या, भांडी राहू द्या, वहिनी, तुम्हीपण उतरू नका."

"मला कशाला काट्यावर चढवताय?"

"आकडा कुणाला सांगणार नाही."

पुस्तिकेत लिहिलेल्या वजनापेक्षा गाडी सहाशे किलो जास्त भरली. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तुमच्या हत्यारांची पेटी बघा आधी.

उस्तादाने तीन प्रकार बाकावर मांडले. एक साधा तेलाचा, एक जाड नळीचा गॅस भरलेला, एक बाजूला चकती असलेला, कमीजास्त करता येणारा. चकतीचा नवऱ्याला फार आवडला. उस्तादाने तो उचलून परत फडताळात ठेवला. "हा तुम्हाला द्यायचा नाही. तुम्ही मोजणीचं काम करता. आज चकती इकडे, उद्या तिकडे, मग तुमच्या आकड्याला काय अर्थ?" हे उस्ताद म्हणाला होता. तुमच्या खात्यातला एक माणूस कधी म्हणाला नाही.

मग त्याने चपला काढल्या, आत जाऊन आमच्या पलंगावर आडवा झाला आणि मला गाडी चालवायला सांगितली. मी समोरच्या गतिरोधकावरून दोनदा नेली. आतून ओरडला, "थांबवा!" बाहेर आला तेव्हा चष्मा कानावर लोंबत होता.

"पुढच्या सीटवर बसून शॉकअप निवडायचे नसतात," तो म्हणाला. "तुमचा पलंग मागच्या चाकाच्याही मागे आहे. पुढे बोटभर हललं की तिथे वीतभर. वहिनी, तुम्ही सात वर्षं झोक्याच्या टोकावर झोपताय."

गॅसचे जाड नळीचे चार शॉकअप बसवले. संध्याकाळपर्यंत काम चाललं. परत त्याच गतिरोधकावरून गेलो तर गाडी एकदा वर गेली आणि तिथेच बसली, सांगितलेलं ऐकणाऱ्या पोरासारखी. त्या रात्री मी आठ तास झोपले. सकाळी भिंत न धरता उठले. नवरा चहा करत होता, मी उभी राहिलेली बघून त्याने दोन्ही कपांत साखर जास्त घातली.

आता नीट वाचा, कारण तुमचं काम इथून सुरू होतं.

तुमच्या कचेरीच्या मागच्या रस्त्यावर पिवळ्या रंगाने आखलेले तीन पट्टे आहेत. त्यांचा खरा आकडा तुमच्याच माणसांनी काठी आणि दुर्बीण लावून, वीतवीत जमीन मोजून काढलाय. गाडीचं टायर, स्प्रिंगचे पाटे, शॉकअप, काहीही बदललं की आधी त्या पट्ट्यांवरून पाच-पाच फेऱ्या मारायच्या. पेटी खऱ्यापेक्षा किती कमी किंवा किती जास्त दाखवते ते काढायचं आणि पुढचे सगळे आकडे त्याप्रमाणे दुरुस्त करायचे. कारण जुना शॉकअप एका खड्ड्याचे तीन झोके करतो आणि पेटी तिन्ही मोजते. नवा एकाच झोक्यात गाडी आवरतो आणि पेटी एक मोजते. खड्डा तेवढाच असतो. हे तुमच्या पुस्तकात आहे, पान एकवीस.

नवरा दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेला. मी बरोबर होते. मोजणीचे साहेब खुर्चीत बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"साहेब, शॉकअप बदललेत. पट्ट्यांवर फेऱ्या माराव्या लागतील."

"का? गाडी बिघडली?"

"नाही. उलट मस्त चालतेय."

"मग चालू द्या की. तिमाही संपायला अकरा दिवस राहिलेत. आधी आकडे आणा."

"पण पुस्तकात लिहिलंय..."

"पुस्तक तुम्ही लिहिलंय की आम्ही?"

आम्ही निघालो. हेही लिहितेच. आम्ही भांडलो नाही, लेखी मागितलं नाही. माझी पाठ दुखत नव्हती, ऊन चांगलं पडलं होतं, आणि साहेब म्हणतात तर असेल, असं म्हणून आम्ही निघालो. आमच्या वाटणीचं पाप मी कुणाच्या गळ्यात घालत नाही.

अकरा दिवसांत सहाशे बारा किलोमीटर मोजले. आकडे असे खाली आले की नवरा गाडी चालवता चालवता शीळ घालायला लागला. एकेचाळीस ते सत्तेचाळीसवर आलो. मला खिडकीतून खड्डे दिसत होते. एकात तर पाणी साचून शेवाळ धरलं होतं. चव्वेचाळीस संपला आणि पेटीवर दोनशे अठ्ठावीस.

"किती?" नवऱ्याने पुढून विचारलं.

"दोनशे अठ्ठावीस."

"काय सांगतेस! केला की काय यांनी रस्ता?"

"खड्डे तर आहेत तसेच दिसतायत."

"दिसायला काय जातंय. पेटीला जास्त कळतं."

आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक कुणी करणार नाही. खिडकीबाहेर खड्डा दिसतोय आणि आम्ही पेटीकडे बघतोय. सात वर्षं ती पेटी आम्हाला जेवू घालत होती. डोळ्यांनी कधी घातलं नव्हतं. मी दोनशे अठ्ठावीस लिहिलं, नीट, गोल अक्षरात.

दीड महिन्याने बारक्याचा फोन आला.

"ताई, यादी लागली. आमचा रस्ता नाहीये त्यात."

"हो. यंदा आकडा कमी आला."

"कमी कसा येईल? त्याच रस्त्याने आलोय ना आत्ता."

"दोनशे अठ्ठावीस आलाय, बारक्या. तीनशेच्या खाली. तुला वाटतो तेवढा वाईट नाहीये तो."

"मला वाटतो?" तो हसला. "ताई, माझ्या बुडाला विचार. ते खोटं बोलत नाही."

"सावकाश जात जा मग."

"सावकाशच जातो. वेगाने जाऊन दाखव तू तिथे. बरं, ते जाऊ दे, तुझी पाठ कशी आहे?"

"एकदम बरी आहे."

"वा! दाजींना म्हणावं, उरलेले शॉकअप रस्त्याला घाला."

हे आमचं शेवटचं बोलणं. मी माझ्या भावाला फोनवर सांगितलं की तुझा रस्ता चांगला आहे. या वाक्यापुढे मला आणखी काही लिहायचं होतं. तीन दिवस सुचलं नाही. तसंच ठेवते.

तो गेला तो मंगळवार होता. दुपारचे दोन, कोरडा रस्ता, लख्ख ऊन. पहिली पाळी संपवून घरी येत होता. चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला पुढचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी आडवी झाली, समोरून वाळूचा ट्रक येत होता. ट्रकवाला थांबला. त्यानेच उचललं. काही उपयोग नव्हता.

मी रडले नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. आईच्या घरी सगळे आले, बसले, गेले. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला की मला फक्त एवढंच जाणवायचं की पाठ दुखत नाही. भांडी घासली. त्याचे शर्ट घडी केले, बाह्या फार लांब होत्या, घडी नीट बसेना, पुन्हा पुन्हा केली. आई भिंतीला टेकून बसली होती. चौथ्या दिवशी तिने तोंड उघडलं.

"तुमची गाडी रस्ते मोजते ना गं?"

"हो, आई."

"मग?"

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

महिन्याभराने चौकशीचे कागद घरी आले. मोटरसायकलस्वाराचा वेग व निष्काळजीपणा, असा निष्कर्ष मसुद्यात आधीच टंकून तयार होता. सोबत तुमच्या खात्याचा दाखला: सदर किलोमीटरची समतलता समाधानकारक, आकडा दोनशे अठ्ठावीस. पुरावा म्हणून मोजणीच्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली होती. अक्षर माझं होतं. गोल, नीट. माझ्या भावाविरुद्ध साक्ष द्यायला तुम्ही मलाच उभं केलंत आणि मला विचारलंही नाहीत.

नवऱ्याने झेरॉक्स वाचली, घडी केली, खिशात ठेवली, पुन्हा काढून वाचली.

"पट्ट्यांवर फेऱ्या मारायला हव्या होत्या," तो म्हणाला.

"हो."

"मी साहेबांना म्हटलं होतं."

"मी होते ना तिथे."

"तू तरी बोलायचंस."

"मी झोपून उठले होते, अहो. आठ तास झोपून उठले होते."

घरगाडीत भांडण करायला जागा नसते. एकाने पुढच्या सीटवर जायचं, दुसऱ्याने पलंगावर. दोन दिवस तसे गेले.

मग तुमचं पत्र आलं. चौकशीसाठी एकेचाळीस ते सत्तेचाळीस या पट्ट्याची फेरमोजणी करावी, गाडी तीच, अवस्था तीच. पंधरा दिवसांची मुदत. अवस्था तीच म्हणजे शॉकअप तेच, आकडा तोच, मग फाइल बंद. हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही.

नवरा उठला आणि गाडी पुन्हा उस्तादाकडे घेऊन गेला.

"आमचे जुने शॉकअप आहेत का अजून?"

"भंगारात पडलेत. का?"

"परत बसवा."

उस्तादाने चष्म्यावरून बघितलं. "दादा, ते मेलेले आहेत."

"म्हणूनच पाहिजेत. त्यांच्यावर साडेचारशे पडेल. मग बघू कोण निष्काळजी ते."

मी स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, "नको."

नवरा वळला. "नको? तुझा भाऊ आहे."

"जुने शॉकअप जास्त दाखवतात. नवे कमी दाखवतात. आपल्याला पाहिजे तो आकडा येईल असा शॉकअप निवडायचा असेल, तर तो धंदा साहेबांना चांगला जमतो. आपण कशाला शिकायचा?"

"मग काय, दोनशे अठ्ठावीसच लिहून देतेस?"

"खरा आकडा लिहून देते."

"तो कुठल्या शॉकअपवर येतो?"

उत्तर उस्तादाने दिलं. तो हात पुसत होता. "कुठल्याही शॉकअपवर येतो, दादा. कुठला घातलाय आणि तो किती फसवतो, ते आधी कबूल करायचं. दोन्ही घालून बघा. पट्ट्यांवरून दोन्ही फिरवा. दोघांचं गणित एकच उत्तर देईल. नाही दिलं तर माझं दुकान बंद करतो, तसंही गिऱ्हाईक कुठे आहे."

रविवारी कचेरी बंद असते, मागचा रस्ता कुणाच्या बापाचा नसतो. नव्या शॉकअपवर तिन्ही पिवळ्या पट्ट्यांवरून पाच-पाच फेऱ्या मारल्या. पेटी शंभराला अठ्ठावन्न दाखवत होती. पुढच्या रविवारी उस्ताद स्वतः आला, रस्त्याच्या कडेला जॅक लावून जुने चढवले. पुन्हा पंधरा फेऱ्या. ते शंभराला एकशे बारा दाखवत होते.

दोन रविवारांच्या मधल्या बुधवारी आम्ही एकेचाळीसवर गेलो, नव्या शॉकअपवर. तेव्हाचं सांगते.

ताशी बत्तीस. मी पेटीपाशी. टेबलावर चहाचा कप होता, मी विसरून तसाच ठेवला होता. मी मनात ठरवलं होतं की ती जागा आली की मान खाली घालायची नाही, बघायचं. दगडावरचा बेचाळीस गेला, त्रेचाळीस गेला. पेटी टिकटिक करत होती. मी खिडकीकडे बघत होते. झुडपं, एक बंद टपरी, पांढरी भिंत. गाडीखाली कुठेतरी धप्प असा आवाज झाला, उशी खाली पडल्यासारखा.

"संपला," नवरा पुढून म्हणाला.

"काय?"

"चव्वेचाळीस."

कपातला चहा हललासुद्धा नव्हता. माझा भाऊ जिथे मेला तिथून मी गेले आणि मला कळलं नाही. पेटीवर दोनशे अठ्ठावीस. मी लिहिलं. मग मी तो चहा प्यायले, थंडगार झाला होता, तरी सगळा प्यायले.

नवऱ्याने पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली. खाली उतरला, मागे चालत गेला, बराच वेळ आला नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात पट्टी होती, त्याने खड्डा मोजला होता. "सतरा सेंटिमीटर खोल," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

जुने शॉकअप चढवल्यावर तिथेच पुन्हा गेलो. या वेळी कप आपटून फुटला, फडताळ उघडलं, डबे बाहेर आले आणि माझी पाठ ठणकली. पेटीवर चारशे चाळीस.

संध्याकाळी घडीच्या टेबलावर गणित मांडलं. मी मांडलं, आपटलेल्या बाईने. दोनशे अठ्ठावीसला शून्य पूर्णांक अठ्ठावन्नने भागलं. तीनशे त्र्याण्णव. चारशे चाळीसला एक पूर्णांक बाराने भागलं. तीनशे त्र्याण्णव. उस्ताद बाजूला उभा होता. "दुकान चालू ठेवतो मग," एवढंच म्हणाला आणि फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करायला लागला.

दोन्ही शॉकअप, एकेचाळीस ते सत्तेचाळीसच्या दोन्ही वेळच्या नोंदी, तीस फेऱ्या, सगळं लिहून, नवरा-बायकोच्या सह्या करून, मुदतीच्या एक दिवस आधी मी स्वतः कचेरीत दिलं. साहेबांनी वरचं पान वाचलं आणि फाइल बंद केली.

"तुमचा भाऊ गेला, वाईट झालं," ते म्हणाले. "पण हे धरता येणार नाही. पट्ट्यांवर परवानगीशिवाय फेऱ्या मारल्यात."

"परवानगी मागितली होती. तुम्ही नको म्हणालात."

"लेखी आहे?"

"नाही."

"आणि शिवाय तुम्ही मयताच्या नातेवाईक. तुमच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"दोनशे अठ्ठावीसही माझाच आकडा आहे, साहेब. तेव्हाही मी त्याची बहीणच होते."

साहेब टोक केलेली पेन्सिल हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमचं काम पुढच्या तिमाहीला चालू ठेवायचंय ना?"

मी बाहेर आले. पायऱ्यांवर बसले. राग यायला हवा होता. आला असेल, कारण हे लिहितेय. पण तिथे बसले तेव्हा काहीच नव्हतं. समोर एक माणूस स्कूटरची सीट फडक्याने पुसत होता, मी त्याचं पुसून होईपर्यंत बघत बसले.

नव्या शॉकअपवरच मी आता झोपते. नवऱ्याने तेच परत बसवले, जुन्यांवर माणूस राहू शकत नाही. झोप चांगली लागते. याची लाज वाटायला हवी, तीही अजून आलेली नाही.

एवढ्यावर थांबले असते. भावावरचा ठपका काढा, असा अर्ज करून घरी बसले असते. पण घडीच्या टेबलावर वही उघडीच होती आणि मला आता भागाकार येत होता. त्या अकरा दिवसांचे सगळे सहाशे बारा किलोमीटर मी एकेक करून भागले. चार दिवस लागले. नवरा शेजारी बसून तपासत होता, दोन ठिकाणी माझं चुकलं होतं, त्याने सुधारलं.

एकोणीस पट्टे निघाले. एकोणीस ठिकाणी खरा आकडा तीनशेच्या वर आहे आणि तुमच्या यादीत समाधानकारक म्हणून लागलाय. एकावर दवाखान्याकडे वळणारा उतार आहे. एकावरून शाळेच्या तीन बस जातात. एकावर पूल आहे, त्याच्या सांध्यापाशी मला चारशे सव्वीस मिळतात. बाकीचे सोळा कुठले, किती किलोमीटरला, कुठल्या आकड्याचे, ते वेगळ्या कागदावर लिहून या लेखाबरोबर जोडलंय. जागा सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहिल्यात.

हे आकडे माझे आहेत. चुकीचे होते तेव्हाही माझे होते आणि मी ते आज परत घेतेय, सहीनिशी, तारखेनिशी. आम्ही दोघांनी काय केलं ते वर सगळं लिहिलंय, त्याची जी काय शिक्षा असेल ती द्या. पण आजपासून ते दोनशे अठ्ठावीस कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही वापरताय ते तुम्हाला सांगावं लागेल.

एकोणीसपैकी किती पट्टे परत यादीत घेताय? कुठल्या तारखेला? आणि घेणार नसाल, तर तिथे पुढचा माणूस पडल्यावर कागदावर सही कोण करणार आहे, त्याचं नाव काय? लेखी उत्तर द्या.